खिशावरची चिठ्ठी

हसणार नसाल तर सांगतो. पहिलीतल्या माझ्या भाचीला, परीला, वाचता येईना. मॅडम तिला परत बालवाडीत बसवणार होत्या. मग आठवीत शाळा सोडलेला मी शिकवायला बसलो. दार, पंखा, फ्रिज, सगळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या खिशावर 'मामा'. चार दिवसांत पोरगी धडाधड वाचू लागली. तिला ऐटीत शाळेत नेलं.

मॅडमनी हातात 'दार' लिहिलेलं कार्ड धरलं.

"मॅडम!" परीनं वाचलं.

मग 'पंखा' धरलं.

"मॅडम!"

"काहून वं, सगळंच मॅडम?"

"चिठ्ठी ज्याच्याजवळ, त्याचंच नाव असते ना!"

"हिले घरी कोण शिकवून राहिलं?"

मी मान खाली घातली. परीनं माझ्या खिशावर तशीच राहिलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

"मामा," मॅडमनी वाचलं.

परी खूश झाली. "पाहा, तुमालेही आलं!"