म्हातारीचा बोगदा

— अहो, बसा हो, रांग काही इतक्यात सरकत नाही, आणि मुलाबरोबर त्याचे बाबा आहेत की. मराठी कानावर पडलं म्हणून तर बोलले मी. चंदीगडात ते असं अवचित कुठं पडतं? मी नीला, सांगलीची. ही बोटींची राइड दिसते ना, मीच रचलेली — ती माझी. म्हणजे होती. म्हणजे अजूनही आहे म्हणा, पगार तिचाच घेते. आधी या बोगद्यात सिनेमातला वज्रकुमार नव्हता. एक मेंढपाळ म्हातारी होती, पहाडातली, आणि तिचं हरवलेलं कोकरू. वळणावळणावर नुसता त्याचा आवाज यायचा, अंधारात — दिसायचं ते अगदी शेवटी. पोरं बोटीतून हाका मारायची त्याला. पण पोरं होतीच किती? निम्म्या बोटी रिकाम्या. मग मालकांनी त्या सिनेमांचे हक्क घेतले आणि मला म्हणाले, नीलाजी, पाणी तेच, बोटी त्याच, फक्त गोष्ट बदलायची. फक्त, म्हणे. गोष्ट बदलली की सगळंच बदलतं हो. सिनेमावाल्यांची माणसं आली अटी घेऊन — वज्रकुमार भिजलेला दिसायचा नाही, घाबरलेला दिसायचा नाही, पाठमोरा तर नाहीच नाही. आणि पहिल्याच वळणावर दिसला पाहिजे. मी म्हटलं, शोधायला काहीतरी उरू द्या. तर म्हणे, मॅडम, पब्लिक त्याला शोधायला येत नाही, भेटायला येते. आणि बाहेर पडायची वाट खेळण्यांच्या दुकानातून. म्हातारीला मीच उतरवलं शेवटी — दुसऱ्या कुणाला तिचे स्क्रू सापडेनात.

तुम्ही म्हणाल, रांग तर बघा केवढी — बघते ना, रोज बघते. त्याचीच तर चीड येते. गेल्या रविवारी माझी अक्षरा आली होती, अकरा वर्षांची, इथंच वाढलेली, मराठी कळतं पण बोलते हिंदीत. म्हातारीच्या बोटीत दोनदा बसली असेल, तेही मी ओढून नेलं म्हणून. आणि यातून उतरली ती ओलीचिंब, गाल लाल झालेले, अन् सगळ्या मैत्रिणींसमोर म्हणाली, "ये मेरी मम्मा ने बनाया है." जन्मात पहिल्यांदा. मी काय करणार — हसले. सांगायला हवं होतं, बाळा, मी केलेली ती दुसरी — नाही सांगितलं. सांगणारही नाही. इतकी खूश झाले होते हो मी, त्याचाच राग —

जाऊ द्या. तुमचे साहेब हात करताहेत बघा. जा तुम्ही, बोट थांबत नाही.