चिंचेनं घासलेलं सोनं

आशालता: अहो, पण देवापुढे ठेवायचं म्हणून तर घासलं! धनत्रयोदशीला काळपट सोनं मांडतं का कुणी? तुम्हीच म्हणालात, आई, घरातलं सोनं पूजेला घ्या.

देवव्रत: म्हणजे बांगड्या, आई. टेबलावरचं माझं नाणं नव्हे.

आशालता: नाणं काय पत्र्याचं आहे?

देवव्रत: कशानं घासलंत?

आशालता: चिंच-मीठ. परवा सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानातून आणलेली चिंच. एक तांबूस डाग काही केल्या निघेना, मग ब्रश घेतला.

सुखदा: माय टूथब्रश, डॅड! आजीने आस्कपण नाही केलं!

देवव्रत: सुखदा, तू अभ्यासाला बस जा.

सुखदा: इट्स लाँग वीकेंड!

देवव्रत: मग बाहेर खेळ. जा.

आशालता: रागावलात का? जावई म्हणून गप्प बसू नका. मुलीची आई असले तरी बोलणी खाईन.

देवव्रत: मघाशी रागावलो होतो. गॅरेजमध्ये एक चक्कर मारून आलो. आता ओके आहे.

आशालता: एवढं काय बिघडलं हो? कसं लखलखतंय!

देवव्रत: तेच तर. हे अमेरिकेचं वीस डॉलरचं नाणं, अठराशे नव्वदचं. गरुडाच्या शेपटीखाली सीसी दिसतंय? कार्सन सिटी. छोटी टांकसाळ, थोडीच वर्षं चालली. त्या दोन अक्षरांसाठी कलेक्टर वेडे होतात. पण ते आधी बघतात अंग. मूळचं आहे की कुणी साफ केलंय. ब्रशचे बारीक ओरखडे लगेच दिसतात.

आशालता: म्हणजे घडी मोडलेली पैठणी. कितीही इस्त्री करा, दुकानदार ओळखतोच.

देवव्रत: एक्झॅक्टली!

आशालता: आणि मी घडी मोडून वर दगडावर आपटली. चार वाजता हॅमिल्टनहून ते गृहस्थ येणारेत, ते हेच घ्यायला ना?

देवव्रत: हो. फिल.

आशालता: त्यांना कळेल?

देवव्रत: बघताक्षणी. आणि नाही कळलं तरी मी सांगणारच. आता जेमतेम सोन्याचा भाव मिळेल.

आशालता: पण एवढं जिवापाड जपता, तर विकत का होतात?

देवव्रत: टाकानिनी भागात नवं घर बघितलंय, त्याच्या डिपॉझिटसाठी.

आशालता: या घराला काय झालंय?

देवव्रत: इथं खाली झोपायची खोली नाही. इरावतीचं म्हणणं, आईच्या गुडघ्यांना रोज जिना नको. बाबा गेल्यापासून तुम्ही पुण्यात एकट्या. तुम्ही इथंच राहावं असं आम्हाला वाटतं. घर पक्कं झाल्यावर ती तुम्हाला विचारणार होती.

आशालता: (खुर्चीत बसत) माझ्यासाठी? आणि मीच त्यावर चिंच चोळली! राहू द्या ते घर. पुढच्या महिन्यात माझं परतीचं तिकीट आहे, मी आपली जाते.

देवव्रत: थांबा हो. हे बघा, हे अडीच डॉलरचं.

आशालता: अगोबाई, हे तर नखाएवढं. वीसचं गेल्यावर अडीचचं काय पुरणार?

देवव्रत: आकारावर जाऊ नका. एकोणीसशे अकरा, डेन्व्हरची टांकसाळ. त्या वर्षी तिथं फारच थोडी पाडली. फिल दर वेळी मागतो, मी दर वेळी नाही म्हणतो. आज हो म्हणेन.

आशालता: तुमचं लाडकं दिसतंय.

देवव्रत: सगळ्यात लाडकं. सीलबंद डबीत आहे म्हणून तुमच्या तावडीतून सुटलं.

आशालता: मग नका ना विकू. चूक माझी आहे.

देवव्रत: आई, दहा वर्षं रोज काढून बघितलंय. मन भरलं म्हणणार नाही, वाईट वाटतंयच. पण पुन्हा एखादं शोधायला निमित्त मिळेल, आणि खरं सांगू, मला शोधण्यातच खूप मजा येते.

आशालता: आणि हे घासलेलं?

देवव्रत: ते पूजेला घ्या. हवं तेवढं कुंकू लावा.

आशालता: इरावती ड्यूटीवरून आली की तिला काय सांगू?

देवव्रत: काहीही सांगा. फक्त खोलीचं मी आधीच बोललो, हे सांगू नका. माझी धडगत नाही.

आशालता: देवव्रत…

देवव्रत: बोला ना, आई.

आशालता: त्या खालच्या खोलीत ऊन येतं का हो?

देवव्रत: उत्तरेला मोठी खिडकी आहे. इथं दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडूनच येतं.

आशालता: मग माझी खाट खिडकीपाशी लावा.