एका चेहऱ्याच्या दोघी

...आणि म्हणे सुरक्षेसाठी! कोणाच्या सुरक्षेसाठी, एवढंच सांगा ना कोणीतरी. तुम्हाला सांगतो, आमची मावशी बिचारी लग्नाचा झगा शिवत बसलेली, नवरीचं लग्न तोंडावर, आणि मावशीचं दुकान म्हणजे फोनमधलं, गिऱ्हाइकं त्यातच, मापं त्यातच. तेवढ्यात नवा नियम आला. खोटे विक्रेते पकडायचेत, तर विकणाऱ्याने, घेणाऱ्याने, प्रत्येकाने कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं. एक चेहरा, एक खातं. मावशीने केस विंचरून तोंड दाखवलं, तर फोन म्हणतो, 'हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे.' दुकानाला कुलूप! आता चेहरा काय भाड्याने दिला होता तिने?

मदत केंद्रातली मुलगी मधाळ आवाजात, "मॅडम, आपलं दुसरं खातं बंद करा."

"अगं, दुसरं नाहीच."

"मॅडम, चेहरा तर आपलाच आहे. सुरक्षेसाठी विचारतोय."

मावशीने फोन ठेवला... कारण हा चेहरा आणखी कोणाचा, ते तिला ठाऊक होतं. जुळ्या बहिणीचा. म्हणजे माझ्या आईचा. आजोबांच्या आजारपणात कोणी जास्त केलं यावरून दोघींचं बोलणं तुटलं, ते वर्षानुवर्षं तुटलेलंच. मधल्यामधे मी निरोप्या. "सांग तुझ्या आईला, माझं दुकान सोड म्हणावं."

पण आई शिवत नाही, विकत नाही, तिला खातं कशाला? विचारलं तर भांडी घासत राहिली. मग हात पुसले, कपाट उघडलं. तुम्हाला सांगतो, मावशीच्या हातचे कपडे, घडीवर घडी, शेजारणीच्या नावाने खातं काढून मागवलेले, कॅमेऱ्याला तोंड मात्र स्वतःचं दाखवलेलं, आणि एकही कपडा अंगाला न लावलेला.

"शिलाई सरळ घालते का, ते बघत होते."

"घालते?"

"घालते."

हे मावशीला सांगितलं तर तिने सुई खाली ठेवली. "तरीच," म्हणाली, "त्या बाईची मापं माझ्यावरच बेतलेली वाटायची."

तिकडे नवरीचे फोनवर फोन, झग्याच्या बाह्यांची मापं कुलपात. शेवटी दोघी कंपनीच्या कार्यालयात, एकमेकींकडे न बघता, शेजारी शेजारी. तिथला साहेब एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघतो. "यातल्या खऱ्या कोण?"

"मी," दोघी एकदम.

कॅमेऱ्यासमोर उभ्या केल्या, तर यंत्र म्हणतं, एका वेळी एकच चेहरा. सुरक्षेसाठी हो! साहेब कंटाळून म्हणाला, "तक्रार वर पाठवतो, आता एक खातं बंद करायचं तरी निकालानंतरच, आणि निकाल कधी लागेल सांगता येत नाही. आज दुकान उघडायचं तर एकच उपाय, दोन्ही खाती एकत्र करतो."

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "मला दुकान नको. बटणं लावीन फक्त."

"घट्ट लाव," मावशी म्हणाली.

झगा वेळेवर गेला. तक्रार अजून वरच आहे. आणि आता गिऱ्हाइकाने विचारलं, कपडा कधी मिळेल, की त्याच दुकानातून एक लिहिते उद्या, खाली दुसरी लिहिते, उद्या कसा, काज कोण करणार, की पहिली लिहिते, तुला कोणी विचारलं... काल कंपनीची ताकीद आली, 'विक्रेत्याने स्वतःशी भांडू नये.'