गच्चीचा पांढरा रंग

त्या गच्चीच्या रंगाचं नाव काढू नका माझ्यापुढे! बिबवेवाडीतला आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, उन्हाळ्यात नुसती भट्टी. सोसायटीच्या तीन मीटिंगांत भांडून मी गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला. घर गार झालं, दुपारचा एसी बंद झाला. आठवड्याने वर जातो, तर रंग दिसेचना! गच्चीभर जुन्या साड्या आणि त्यांवर कुरडया.

पहिल्या मजल्यावरच्या काकू तिथेच उभ्या होत्या.

"अहो काकू, सगळा रंग झाकलात की!"

"बरं झालं आलात. तो रंग काढा आधी. पूर्वी कुरडया दोन दिवसांत वाळायच्या, आता चार लागतात. मेली गच्ची तापतच नाही!"