मालतीचं शेवटचं भाषण

विश्वनाथ : म्हणजे शेवटचा प्रवेश कापायचा? स्पष्ट बोल.

रितिका : कापून नाही राहिली सर, विचारून राहिली. मालतीचं हे भाषण कोणासाठी आहे?

यमुताई : विचार, विचार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाटकांना हेच विचारत आलेत. आता पहिल्यांदा स्वतः लिहिलंय, तर घाम फुटलाय.

विश्वनाथ : यमू, ते माझं काम होतं. ड्रामाटर्ग म्हणजे नाटककाराच्या शेजारी बसून शंका काढणारा माणूस. हिला मीच शिकवलं.

यमुताई : मग आता भोगा.

रितिका : काकू, उद्या सीताबर्डीच्या हॉलवर हाच प्रवेश बसवायचा आहे. अन् मालती करणाऱ्या नूपुरले हे भाषण पाठच होत नाही. ती म्हणते, मालती एकदम एवढी गोड काहून झाली?

विश्वनाथ : गोड नाही. ती नवऱ्याला माफ करते. त्याच्या पीएचडीसाठी ती पुण्याला गेली. इथे राज्य नाट्य स्पर्धेत मुख्य भूमिका मिळाली होती, ती सोडली. म्हातारपणी ती म्हणते, 'मला कधीच राग आला नाही.' त्यावर पडदा.

रितिका : सर, माझ्या प्रबंधात तुम्ही जागोजागी लिहून ठेवलं होतं, 'यातून कोणाला काय नवीन कळतं?' आता तुम्हीच सांगा. या भाषणातून कोणाले काही नवीन कळते?

यमुताई : मला.

विश्वनाथ : काय?

यमुताई : मला कधीच राग आला नाही, हे मला आत्ता कळलं.

विश्वनाथ : यमू, ती मालती आहे.

यमुताई : हो का. मालतीनंही स्पर्धेतलं काम सोडलं, मालतीचीही साडी तालमीत खिळ्याला अडकून फाटली, आणि मालतीलाही भरली वांगी आवडत नाहीत. बरं जमलंय.

रितिका : सर, आणखी एक. अख्ख्या नाटकात तो तिले विचारतच नाही, तुला राग आला होता का म्हणून. प्रश्न नाही, अन् उत्तर दोन पानांचं.

विश्वनाथ : असं कसं? पहिल्या अंकात, निघताना विचारतो की.

रितिका : तिथं तो विचारते, 'तिकिटं घेतलीस ना?'

विश्वनाथ : दुसऱ्या अंकात?

रितिका : 'माझा चष्मा पाहिलास का?'

यमुताई : हे मात्र अगदी खरं लिहिलंय.

विश्वनाथ : केमिस्ट्रीतून आलेली पोरगी. सगळं गाळून बघते.

यमुताई : चांगलं शिकवलंत.

विश्वनाथ : काढ मग. पूर्ण भाषण काढ.

रितिका : अन् पडदा कशावर पाडायचा?

विश्वनाथ : प्रश्नावर. त्यानं विचारायला हवं. यमू, तुला राग आला होता का?

यमुताई : हे मालतीला विचारताय?

विश्वनाथ : नाही.

यमुताई : मग बसा इथे. रितिका, तूही बस. फक्त ते पेन खाली ठेव.