कंदिलातलं मेण

मेणबत्तीच्या नावाखाली आपल्याला खुशाल पेट्रोलियम विकतात आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही! हे मी पोलादपूरच्या टपरीवर इतक्यांदा बोललो की शेवटी माझा मित्र संदेश म्हणाला, “मग तूच बनव.”

बनवल्या. कापडे गावाहून मधाच्या पोळ्याचं मेण आणलं, वितळवलं आणि पपईच्या पोकळ देठांत समईच्या वाती धरून ओतलं. चार पिवळ्याधमक मेणबत्त्या झाल्या. कशेडी घाटातल्या वरच्या वाडीजवळ आम्ही मित्र एका रात्रीसाठी तंबू ठोकणार होतो. मी सगळ्यांना बॅटऱ्या घरी ठेवायला लावल्या. “एक रात्र प्लास्टिकशिवाय काढा रे!”

संध्याकाळी मी कंदिलात मेणबत्ती बसवत होतो, तेवढ्यात वाडीतली भागीकाकू तिथे थांबली. तिने मेणबत्ती हुंगली.

“अरे, हे तर खरं मेण हाय! टिकलीनं कपाळाला खाज सुटते. कुंकवाखाली लावायला द्या की रे जरासं.”

मी खूश होऊन अस्सल मेणाचं महत्त्व सांगायला लागलो. तिने हाका मारून बायका गोळा केल्या. प्रत्येकीच्या हातात रिकामी डबी. नाही कसं म्हणणार? भाषण माझंच चालू होतं.

अंधार पडला तेव्हा आमच्याकडे नुसत्या वाती उरल्या होत्या.

“चालू ठेव भाषण,” संदेश म्हणाला. “त्याचाच उजेड पडेल.”

सगळ्यांत शेवटी आलेल्या म्हातारीने आमचा रिकामा कंदील हलवून पाहिला.

“मेण संपलं? ऱ्हाऊ दे. पोरानं मुंबईवरनं बॅटरी पाठवलीय, ती न्या. पन जपून हां, प्लास्टिकची हाय.”