तीन रात्री लिस्बन, न्याहारीसह

हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण उचलणार? आपली सिग्ने तिकडे कॉलेजला, आणि मांजराला फोन उचलता येत नाही. … सात वाजले म्हणजे तूच असणार. बोल आस्गर, आज काय सापडत नाही? … चाळणी? चाळणी मंगळवारीच सापडली होती. … किसणी. बरं. सिंकच्या वरची फळी, डावीकडे, कॉफीच्या डब्यामागे. … बघ. मी थांबते. …

… मिळाली? … काही नाही, मी फक्त मोजतेय. नऊ आठवड्यांत एकसष्ट फोन. त्या उन्हाळी घरात तेवढ्या वस्तूच नाहीत. … पायजम्याचं परत विचारू नकोस. निळ्या पट्ट्यांचा ना? तो जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला, हे मागेच सांगितलंय. … असेल आवडता. आता दुसऱ्या कुणाचा आवडता असेल.

थांब, ठेवू नकोस. आज माझंही तुझ्याकडे काम आहे. बसलायस का? … मग बस.

लिस्बन.

… लिस्बन. पोर्तुगालची राजधानी. … पुढच्या आठवड्यात सोमवारी दुपारी निघायचं, गुरुवारी परत. तीन रात्री. … कोण कोण म्हणजे? तू आणि मी. … नाही, प्यायलेली नाही. … अरे ऐक ना! मंगळवारी तारीख किती येते? … हो, तेरा. तेरा ऑक्टोबरला काय असतं? … आस्गर. … हां, पडला उजेड. लग्नाला पंचवीस वर्षं. … माझं अभिनंदन कसलं करतोस, तूही त्यातच आहेस.

आता मुद्दा. शेजारी विबेकेच्या गॅरेजमध्ये शुक्रवारपासून माणसं जमताहेत. … कशाला म्हणजे? आपल्या दाराला बांधायची कमान रे! ख्रिसमस ट्रीच्या डहाळ्या तारेनं विणताहेत, चंदेरी कागदाचा पंचवीसचा आकडा कापून झालाय. काल मी समोरून गेले, तर सगळे एकदम हवामानावर बोलायला लागले. सात माणसं, गॅरेजमध्ये, हवामानावर.

म्हणजे मंगळवारी पहाटे साडेसहाला सगळी गल्ली आपल्या दारात. बेंट ट्रंपेट फुंकणार. … अजून शिकतोच आहे, अकरा वर्षं झाली. आणि आपण दोघांनी झोपायच्या कपड्यांत, एकाच दारातून, डोळे चोळत, ‘अय्या, हे काय!’ असा चेहरा करून बाहेर यायचं. कमानीखाली उभं राहायचं आणि गाणं संपेपर्यंत एकमेकांकडे बघायचं. … दोन कडवी नाहीत रे, पाच. … आणि वर तीस माणसांना पाव-चीज आणि कडू दारूचे पेले.

एकाच दारातून कसे येणार, ते मला सांग. तू चाळीस किलोमीटरवर किसणी शोधतोयस.

… खरं सांगून टाकू? विबेकेला? … काय खरं? सांग, मी लिहून घेते. … नाही, सांग ना, पेन हातात आहे. … बघ. तुलाही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की दोन ऑगस्टला तू उन्हाळी घराच्या सहा खिडक्या रंगवायला गेलास. विबेकेलाही तेवढंच माहीत आहे. रोज कुंपणावरून विचारते, ‘खिडक्या कशा आहेत?’ मी म्हणते, वाळताहेत. नऊ आठवडे वाळताहेत, आस्गर. एवढ्या वेळात लोक अख्खी जहाजं रंगवून पाण्यात सोडतात.

… भांडण? आपण कुठे भांडलो? भांडलो असतो तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. तू म्हणालास, डिशवॉशरमध्ये काटे खाली तोंड करून ठेवावेत. मी म्हणाले, वर. तू म्हणालास, मग मी जरा खिडक्या रंगवून येतो. … वरच ठेवते, हो. कुणी अडवत नाही. … नाही, मजा नाही येत. जाऊ दे ते.

मला काल लग्नाला साडेबारा वर्षं झाली तेव्हाचा फोटो सापडला. … हो, तोच. साडेबाराला अर्धीच कमान देतात ना, एका बाजूनं वर चढते आणि मध्येच संपते. तू तिच्याखाली उभा आहेस आणि मी पावसात. … पाऊस होता, फोटोत दिसतोय. आत्ता आपल्याला तेच माप बरोबर बसलं असतं. पण अर्धी कमान एकदाच मिळते.

म्हणून लिस्बन. परगावी गेलेल्या माणसाच्या दारात गाता येत नाही. मी सगळ्यांना सांगून टाकलंय की तू मला घेऊन चाललायस. … तू. मला न सांगता ठरवलंस. विबेकेच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला म्हणाली, ‘बघ, शिक काहीतरी.’ पौल तुझ्याशी काही दिवस बोलणार नाही बहुतेक. … किल्ली तिच्याकडेच दिलीय, मांजरासाठी. हॉटेलचा पत्ता, विमानाची वेळ, सगळं फ्रिजवर चिकटवलंय. … व्यवस्थित नको का काही?

… ‘जाऊ या का’ नाही, बुक केलंय. ‘जोडप्यांसाठी खास’. … सुट्टीचा आठवडा आहे, दुसरं काही उरलंच नव्हतं. वाचून दाखवते, ऐक. ‘अठराव्या शतकातील ऐतिहासिक वास्तूत मुक्काम.’ म्हणजे लिफ्ट नाही. चौथा मजला. … ‘जुन्या शहराच्या गल्लीबोळांत हरवून जा.’ म्हणजे टॅक्सी येत नाही. … गुडघ्याचं माहीत आहे मला! ते शहर सात टेकड्यांवर वसलंय, आणि आपल्या अख्ख्या देशात मिळून एवढा चढ नाही. तू खालीच बस, मासे खा. … सार्डिन, निखाऱ्यावर भाजलेले. … नाही, तुझा तो पिवळा रेमुलाद सॉस तिथे कुणी ऐकलेलाही नसेल. बरोबर आण हवा तर.

पुढे ऐक. ‘पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या.’ … पाकळ्या, हो. … मलाही तसंच वाटलं. म्हणून मी त्यांना लिहिलं, पाकळ्या नकोत आणि पलंग दोन वेगळे द्या. आलं ना उत्तर, अगदी नम्र! पाकळ्या काढता येणार नाहीत, त्या पॅकेजमध्येच आहेत. वेगळे पलंग मागणारं या पॅकेजमधलं आपण पहिलंच जोडपं, तरी मॅनेजर काही जमतं का बघतो. आणि खाली लिहिलंय, ‘धीर सोडू नका.’ … खरंच लिहिलंय! पोर्तुगीज माणूस आहे, मनापासून लिहितो.

… मंगळवारी रात्री मेणबत्त्या लावून जेवण, आणि एक बाई येऊन रडकी गाणी म्हणणार. … अरे, कुणाचा तरी नवरा समुद्रावर गेला आणि परत आलाच नाही, अशी. दीड तास. … नाही, खिडक्यांचा उल्लेख नसावा.

… किल्ला? नको. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसानं तिकीट काढून वेढा पडलेली जागा कशाला बघायची?

… काय? … मागच्या दारानं? पहाटे पाचला? … म्हणजे गाडी दुकानापाशी लावायची, मागच्या कुंपणावरून उडी मारायची… त्या गुडघ्यानं? आणि साडेसहाला ढोपरं खरचटून माझ्याशेजारी हसत उभं राहायचं. न्याहारी झाली की पुन्हा मागच्या दारानं किसणीकडे. … नाही, आस्गर. मला चोरून आणलेला नवरा नको. … आणि घालणार काय? पायजमा तर गेला.

हे बघ. लिस्बनमध्ये मी तुला काही विचारणार नाही. काटे वर की खाली, काही नाही. तीन रात्री, दोन पलंग आणि परत. मग सिग्नेला काय सांगायचं, तुझ्या आईला काय सांगायचं… ख्रिसमसनंतर बघू. … एकटी कशी जाऊ? एकटी गेले की कळलंच सगळ्यांना. आणि नाही गेले, तर त्या कमानीखाली मी एकटी. गाऊनमध्ये. पाच कडवी. … पळून जायलाही दोघं लागतात रे.

मग? येतोस की नाही? …

… आस्गर? …

… अरे, किसणी काय वाजवतोस? उत्तर दे.

थांब, बेल वाजली. … नाही, ठेवू नकोस, उत्तर द्यायचंय तुला. फोन इथे टेबलावर ठेवतेय.

अगं विबेके! ये… नाही, फोनवर आहे, आस्गर. … हे काय हातात? … विमानात मावेल का म्हणजे? … विबेके, ही बर्फावरच्या स्कीची बॅग आहे. आम्ही लिस्बनला चाललोय. … तुम्ही पण? … चार जोडपी! … त्याच हॉटेलात? अगं पण तुला हॉटेल कसं… हो. हो, मीच चिकटवलंय फ्रिजवर. … नाही गं, रडत नाहीये. … आनंदानं, हो. … बरं. … बरं, सांगते त्याला. …

… आस्गर. आहेस? … ऐकलंस? … मग आता सगळं ऐक. येताहेत. विबेके आणि पौल, बेंट आणि त्याची बायको, कोपऱ्यावरची दोघं, आणि तो नवा दातांचा डॉक्टर, बायकोसकट. आपल्याच विमानानं. … कमान? कमान पौलनं करवतीनं मधोमध कापली. दोन अर्ध्या कमानी, स्कीच्या दोन बॅगा. तिथे नेऊन तारेनं जोडणार. … ट्रंपेट बेंट मांडीवर घेऊन बसणार. … साडेसहाला, तिथल्या घड्याळानं. हॉटेलची परवानगी काढून झालीय. तोच मॅनेजर. म्हणाला, मीही गाईन. … मांजर? मांजराला विबेकेची आई बघेल. तुला आत्ता मांजर सुचतंय?

आणि एक सांगू? … तिनं खिडक्यांचं विचारलंच नाही. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, ‘धीर सोडू नका.’ … हो. हेच शब्द. … म्हणजे काय म्हणजे? म्हणजे त्या मॅनेजरनं पलंगांचं सांगितलं तिला. … कधीपासून माहीत होतं, कुणास ठाऊक. मला तर आता ते गॅरेजमधलं हवामानही आठवतंय. … आणि तरी विणत होते, आस्गर. माहीत असून विणत होते.

… मी काय सांगू काय करायचं? चौथा मजला, साडेसहा वाजता, एक दार. त्या खोलीला मागचं दार नाही, मी नकाशा पाहिलाय. …

… काय? … पुन्हा म्हण. … मोठ्यानं म्हण, लाइन खरखरतेय. … वर? काटे वर ठेवले तरी चालतील? … बघ हं. मी हे खरोखर लिहून घेतेय. …

बरं. मग मीही एक सांगते. तो पायजमा. … पेटीत नाही टाकला. … तुझ्या उशीखाली. … तेव्हापासूनच. … नाही, धुतला नाही. … का ते विचारायचं नाही, आपलं ठरलंय. …

… मी नाही आणणार लिस्बनला. तू ये घ्यायला. … आत्ता. चाळीस मिनिटांचा तर रस्ता. … खिडक्यांचं काय? खरं सांग, किती झाल्या? … दोन? नऊ आठवड्यांत दोन? … मग करत काय होतास तू तिकडे? … बरं, नको सांगूस. फोन करत होतास, माहीत आहे.

आणि हे बघ, गाडी दुकानापाशी नको. आपल्या दारासमोर लाव. पुढच्या दारानं ये. … बघू देत की! … बेल कशाला? किल्ली आहे ना तुझ्याकडे. … सापडत नाही? … आस्गर, कोटाचा खिसा. उजवा. … बघ. मी थांबते. …

… मिळाली? … मग ठेव, आणि नीघ.